राजय्या मामांची तहानलेली बोट

आमच्या गल्लीत चार दिवसांनी एकदा पाणी येतं, आणि आलेल्या पाण्यातलं पहिलं पाणी राजय्या मामांची बोट पिते.

हे मी अलंकारिक बोलत नाही. नळ खुळखुळायला लागला की बाकीची घरं आधी प्यायचं भरतात, मग वापरायचं, मग बादल्या, पातेली, रिकामे डबे, हाताला लागेल ते. मामांच्या घरी आधी बोट. घराला लागून त्यांचा कारखाना आहे. कारखाना म्हणजे पत्र्याची लांबट शेड, जिथं पूर्वी आठ माग चालायचे. तिथं दोन लाकडी घोड्यांवर ही बोट बसलेली असते. पंधरा फूट लांब, पोटाला रुंद, अर्धी हिरवी आणि उरलेली कुठल्या रंगाची ते सांगता येत नाही अशी. बालम्मा मामी एक शब्द न बोलता नळाचा पाईप तिच्या पोटात सोडतात आणि कमरेवर हात ठेवून उभ्या राहतात.

"मामा, बोट पाण्यात घालतात. पाणी बोटीत घालत नाहीत," असं गल्लीतल्या प्रत्येकानं त्यांना कधी ना कधी सांगितलेलं आहे.

"लाकूड हाय ते," मामा ओरडतात. मामा सगळ्यांशी ओरडूनच बोलतात. "आपल्या उन्हात वाळलं की फटी पडतात. ओलं ठेवलं की फुगतंय, फटी मिटतात. अंते!"

'अंते' म्हणजे तेलुगूत 'एवढंच'. मामांचं प्रत्येक म्हणणं तिथं संपतं. समोरच्याचं संपलं नसलं तरी.

गल्लीत मामांच्या बाजूनं बोलणारा एकच माणूस, टेम्पोवाले शकीलचाचा. ते मूळचे मैंदर्गीचे. "मामू सही बोलते," ते म्हणायचे. "हमारे गाव में बैलगाडी का चाक नाले में डुबाके रखते थे, नहीं तो लोहे की धाव ढिली होके निकल जाती." मग बिडी शिलगावून पुढं जोडायचे, "लेकिन मामू, वो चाक हम बाद में चलाते भी थे."

मामांनी समुद्र पाहिलेला नाही. पोहता येत नाही. बोट त्यांना हवीच नव्हती. तेरा वर्षांपूर्वी, मी सहावीत असताना, ते पुण्याकडं एका लिलावाला गेले होते. त्यांना एक चांगली मोटर पाहिजे होती. मोटर ज्या ढिगात होती त्याच ढिगात कुठल्याशा बंद पडलेल्या क्लबाची ही बोट होती, आणि ढीग अख्खा उचलायचा असा नियम होता. मामांनी अख्खा उचलला. मोटर आठ दिवसांत जळाली. बोट राहिली.

दुसऱ्या कुणी ती लाकडाच्या भावानं देऊन टाकली असती. पण मामा आयुष्यभर जॉबर होते, म्हणजे बिघडलेला माग दुरुस्त करणारे मिस्त्री. त्यांचा एक कायदा आहे. "बंद मशीन घरात ठेवायचं न्हाय. चालू करायचं, मग जाऊ द्यायचं. बंद मशीन देणं म्हणजे..." इथं ते वाक्य पूर्ण करत नाहीत, नुसतं तोंड वाकडं करतात.

तर ते चालू करायला बसले आणि तेरा वर्षं बसले. आधी तळाला बाभळीच्या फळ्या लावल्या. बोट इतकी जड झाली की सहा माणसांना हलेना. मग फळ्या काढल्या. मग जुन्या हातमागांचं सागवान मिळवलं. ज्यांच्या ज्यांच्या घरचा हातमाग मोडीत निघाला त्यांच्या दारात मामा लाकूड मागायला उभे. त्यामुळं आज ती बोट अर्धी बोट आणि अर्धा माग आहे. डाव्या बाजूच्या एका फळीवर कुणाच्या तरी आजोबांनी कोरलेला ओम अजून दिसतो.

मी या सगळ्यात कुठून आले ते सांगायला हवं. मी इंग्रजी माध्यमात शिकले. पुण्यात नोकरी लागली, नंतर घरूनच काम करा म्हणाले, म्हणून परत सोलापूरला आले. माझं काम म्हणजे दिवसभर फोनवर लोकांच्या तक्रारी ऐकणं आणि इंग्रजीत माफी मागणं. मला मुळातच बोलायला फारसं जमत नाही. दुकानात सुट्टे परत मागायचे तर मी दोनदा मनात घोकते. आठ तास सॉरी म्हटल्यावर संध्याकाळी मला माझाच आवाज नको व्हायचा.

अशा एका संध्याकाळी आमच्या दोन घरांमधल्या भिंतीवरून मामांचं डोकं वर आलं.

"एमम्मा! इंग्लिश वाचतीस न्हवं?"

लिलावातल्या ढिगात एक पुस्तकही होतं. शिडाची होडी कशी दुरुस्त करावी, कशी चालवावी. पुढची पानं वाळवीनं खाल्लेली, बाकी धडधाकट. मामांनी ते नऊ-दहा वर्षं चित्रं बघून वापरलं होतं. आता चित्रं संपली होती.

मला नाही म्हणता आलं नाही. मला कुणालाच म्हणता येत नाही. पण मी एक गोष्ट विसरले होते. मागांच्या खडखडाटात चाळीसेक वर्षं काढलेल्या माणसाला ऐकू येत नाही. मी भिंतीपाशी खुर्ची घेऊन बसले आणि माझ्या नेहमीच्या आवाजात पहिलं वाक्य मराठीत सांगितलं. मामा वाट बघत राहिले. मी परत सांगितलं. मामांनी कान पुढं केला.

तिसऱ्या वेळी गल्लीतल्या सगळ्यात अबोल मुलीनं भर संध्याकाळी बेंबीच्या देठापासून ओरडून जाहीर केलं, "वारा कुठून येतोय ते आधी बघा!"

समोरच्या गच्चीवर कपडे काढणाऱ्या बाई म्हणाल्या, "पश्चिमेकडून की गं. का?"

तेव्हापासून दर रविवारी हेच. मी ओरडायची, "डोलकाठी ताठ आहे का तपासा!" आणि पिठाच्या गिरणीसमोरची रांग हसायची. मी ओरडायची, "एकटं जाऊ नका!" आणि शकीलचाचा टेम्पोतून उत्तर द्यायचे, "नक्को बाबा, कौन जाता." भाजीवाल्या मावशी मला नावानं ओळखत नव्हत्या, त्या आता विचारायला लागल्या, "सुकाणूचा धडा झाला का गं?" मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. आई म्हणायची, "होऊ दे की. निदान आवाज आहे हे तरी कळलं लोकांना."

मामांशी बोलताना आणखी एक अडचण असते. ते बोलता बोलता तुमच्या कपड्याचं टोक चिमटीत धरतात. वाईट हेतू काही नाही. पोत बघतात. माझ्या नव्या कुर्त्याला हात लावून त्यांनी गल्लीभर सांगितलं होतं, "निम्मं प्लास्टिक हाय हे!" मला बघायला एक मुलगा आला होता, तेव्हा मामा सहज म्हणून आत आले, मुलाची बाही चिमटीत धरून त्यांनी डोळे मिटले आणि आईला म्हणाले, म्हणजे ओरडले, "बाणा कच्चा हाय. दोन धुण्यात जाईल." बाणा म्हणजे कापडातलं आडवं सूत, पण त्या लोकांचा निरोप काही आला नाही. मामांचे आभार मानायचे राहिले ते राहिलेच.

सगळ्यात मोठं भांडण झालं ते शिडावरून. मामांनी सात माग विकले होते, एक ठेवला होता, शीड विणायला. विकतचं कापड त्यांना चालणार नव्हतं आणि जोड दिलेलं तर मुळीच नाही. एकसलग विणणार. मी पुस्तकातलं पान काढून ओरडले, "शीड सपाट चालत नाही! मधे पोट लागतं! वारा भरायला!"

मामांचा चेहरा पडला. "पोट?"

"फुगवटा! कापड मधे ढिलं पाहिजे!"

"ढिलं?" त्यांनी चष्मा काढला. "अम्मा, ढिल्या ताण्याचं कापड म्हणजे खराब कापड. असलं कापड मी जन्मात बाहेर जाऊ दिलं न्हाय. पोरांच्या तोंडावर परत फेकलंय. ताणा कसा पायजे? असा." त्यांनी हवेत दोन मुठी आवळून दाखवल्या. "सतारीवाणी. अंते."

त्यानंतर ते महिनाभर पुस्तकाकडं फिरकले नाहीत. मी सुटले असं मला वाटलं. मग एका रविवारी कारखान्यातून मागाचा आवाज आला. जाऊन बघितलं तर मामा मधल्या ताण्याचा, म्हणजे उभ्या सुताचा, ताण हातानं कमी करत होते आणि प्रत्येक वेळी दुसरीकडं बघत होते, लहान मूल इंजेक्शन घेताना बघतं तसं. ते खराब कापड विणायला त्यांना दीड वर्ष लागलं. मग तो मागही गेला.

आणि तरी ते अधूनमधून मधेच थांबून मला विचारायचे, "कुटला माग चालू हाय गं?"

शेडमध्ये एकही माग नव्हता. पहिल्यांदा मी घाबरले. मग कळलं. "कानात हायेत ते," मामा म्हणाले. "आठच्या आठ. विकले तरी बंद होत न्हायीत. झोपलो तरी पाळी चालूच." हे सांगतानाही ते ओरडतच होते, त्यामुळं ती तक्रार आहे की नुसती माहिती ते कळत नव्हतं.

बालम्मा मामींबद्दल मी अजून काही सांगितलं नाही, कारण सांगण्यासारखं काही नाही असं मला वाटायचं. त्या याच कारखान्यात कांड्या भरायच्या, म्हणजे धोट्यात घालायचं सूत गुंडाळायच्या. आता बोटीत पाणी भरायच्या. गल्लीत सगळ्यांना एक गोष्ट पक्की माहीत होती. मामा-मामी एकमेकांशी बोलत नाहीत. अख्ख्या गल्लीला ओरडून हैराण करणाऱ्या माणसाच्या तोंडून बायकोसाठी एक शब्द कुणी ऐकलेला नव्हता. "बोट आली तेव्हापासून अबोला आहे," आई सांगायची. "मी असते तर मीही बोलले नसते." मामी लांबून मामांकडं बघून हात वर करायच्या, बोटं झटकायच्या, गालाला लावायच्या, तळवा खाली फडफडवायच्या. काय करणार बिचारी, हात झटकून राग काढते, असं आम्ही समजायचो. खरं सांगायचं तर मला त्या घराचा थोडा हेवाच वाटायचा. आठ तास बोलून आल्यावर अबोला ही काही वाईट गोष्ट वाटत नाही.

यंदा गणपती झाल्यावर त्यांचा मुलगा श्रीनिवास पुण्याहून आला. चांगला मुलगा आहे. त्यानं आई-वडिलांसाठी आपल्या सातव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये एक खोली मोकळी केली होती आणि शेडला गिऱ्हाईक बघितलं होतं. दसऱ्याच्या आत जागा रिकामी करून द्यायची होती.

"नाना, बोट भंगारवाल्याला सांगितलीय," तो वडिलांच्या कानाशी म्हणाला.

"बंद मशीन?" मामा एवढंच म्हणाले. आणि पहिल्यांदाच ओरडले नाहीत.

मग म्हणाले, "एक डाव चालू करतो. मग कोण न्यायचं त्याला नेऊ दे."

दसऱ्याला तीन आठवडे होते. त्या तीन आठवड्यांत मी सगळं पुस्तक पुन्हा ओरडून वाचलं. घसा बसला. फोनवर एका गिऱ्हाइकानं माझी तब्येत विचारली, जे पूर्वी कधी घडलं नव्हतं. मामांनी फटींत सूत ठासून वर डांबर भरलं. श्रीनिवास परत आला आणि रंगाचा डबा घेऊन बसला. मामींनी पाणी येईल त्या दिवशी घरचे हंडे रिकामे ठेवून बोट काठोकाठ भरली.

दसऱ्याआधीच्या रविवारी सकाळी शकीलचाचांनी टेम्पोत बोट घातली आणि आम्ही हिप्परग्याच्या तलावावर गेलो. पाऊस चांगला झाला होता, तलाव भरलेला होता. बोट बघायला निम्मी गल्ली दुचाक्यांवरून मागं आली होती. मासे धरणारे दोघंतिघं आपली जाळी सोडून जवळ आले. एकानं फळीवरचा ओम बघून हात जोडले.

"ट्यूब बांधा ओ अंगाला," दुसरा म्हणाला, आणि मामांच्या कमरेला ट्रकची फुगवलेली ट्यूब अडकवली. अशा थाटात राजय्या मामा बोटीत बसले. मी पुस्तकातलं वाक्य आठवून ओरडले, "एकटं जाऊ नका!" पण त्यांची पाठ माझ्याकडं होती.

आधी बोट नुसती तरंगली. एवढ्यावरच टाळ्या झाल्या. मग मामांनी शीड वर ओढलं. पांढरं, एकसलग, मधे पोट असलेलं ते खराब कापड वर गेलं, दोनदा फडफडलं आणि भरलं. बोट निघाली. मला वाटलं होतं ती टेम्पोसारखी धक्का देऊन निघेल. ती नुसतीच लांब जायला लागली.

"चली रे चली!" शकीलचाचा ओरडले.

तलावाच्या मध्याकडं गेल्यावर वारा वाढला. बोट एका अंगाला कलली. मग आणखी कलली. पुस्तकात हे पान मी किमान दहा वेळा वाचलं होतं. बोट कलली की शिडाचा दोर सोडायचा, वारा निघून जातो, बोट सरळ होते. पण मामा जॉबर. जोर आला, काहीतरी ओढायला लागलं, की आवळायचं हेच त्यांच्या हातांना माहीत. त्यांनी दोर दोन्ही मुठींनी छातीशी ओढून घेतला. बोटीची कड पाण्याला टेकली.

"दोर सोडा!" मी ओरडले. "मामा, दोर ढिला सोडा!"

सगळेच ओरडायला लागले. श्रीनिवास कमरेएवढ्या पाण्यात शिरून "नाना, नाना" करत होता. आमच्यातल्या कुणाचाही आवाज तिथवर पोचत नव्हता, आणि पोचला असता तरी उपयोग नव्हता. मामांनी एकदा वळून काठाकडं बघितलं. तोंड उघडून ओरडणारी पंचवीस माणसं त्यांना दिसली असतील.

मामी माझ्याकडं वळल्या. "काय करा म्हणायलीस त्यांना?"

"दोर ढिला," मी म्हटलं.

त्या दोन पावलं पुढं झाल्या. हात वर केला आणि तळवा खाली धरून बोटं दोनदा फडफडवली. मी रोज भिंतीवरून बघत होते तसाच हात, तशीच बोटं.

मामांच्या मुठी तिथल्या तिथं उघडल्या. दोर सुटला, शीड फडफडलं, बोट हलत हलत सरळ झाली.

काठावरच्या सगळ्यांच्या माना मामींकडं वळल्या. मग मामींनीच सांगितलं, अगदी साध्या आवाजात, "ताणा ढिला कर, असं हाय ते. माग चालू असल्यावर कुणाला काय ऐकू येतंय? आमच्यात सगळे हातांनीच बोलायचे."

"मग तुम्ही... अबोला..." आई म्हणाली.

"कसला अबोला?" मामी चकित झाल्या. "लगीन झाल्यापासून गप बसलो न्हाय ओ आमी! आज सकाळपासून ह्यांचं डोकं खायलेय, पायात चप्पल घालू नका, घालू नका म्हणून. ऐकलं का बघा."

लांब पाण्यावर मामा शीड सोडून नुसतेच बसले होते. बोट कुठंच जात नव्हती. तळाशी पाणी शिरत असणार, कारण ती आधीपेक्षा थोडी खाली दिसत होती. पाणी उपसायचा डबा त्यांच्या पायाशी होता, पण ते त्याला हात लावत नव्हते. त्यांनी मान एका बाजूला कलती केली, मग दुसऱ्या. मग उजवी मूठ वर धरली आणि हळूच उघडली. पुन्हा तसंच केलं. पुन्हा. मी मोजलं, आठ वेळा.

मामींनी पदराचं टोक तोंडाला लावलं.

"काय झालं?" श्रीनिवास पाण्यातूनच विचारत होता. "अम्मा, काय म्हणतात नाना?"

"माग थांबले म्हणायलेत," मामी म्हणाल्या. "आठच्या आठ."

मग त्यांनी हात हलवून काहीतरी उत्तर दिलं. मी विचारलं.

"मी म्हटलं, बसा मग. घाई न्हाय."

आम्ही सगळे काठावर बसलो. मासे धरणाऱ्यांनी बोट भंगारात न घालता आम्हाला द्या म्हणून सांगितलं आणि मामी मानेनंच हो म्हणाल्या. शेडला मंगळवारी कुलूप लागणार होतं. शकीलचाचांनी थर्मासातला चहा ओतायला घेतला. बराच वेळ झाला तेव्हा मी मामींना विचारलं, चहा झाला, या, हे कसं सांगायचं. त्यांनी दाखवलं. दोन बोटं गालाला, मग तळवा आपल्याकडं. सोपं होतं.

मी उभी राहिले, दोन्ही पायांच्या चवड्यांवर उंच झाले, आणि हात शक्य तेवढा पसरून, खांद्यापासून फिरवून ते केलं.

मामांनी बघितलं. मग छातीपाशी दोन बोटं जराशी हलवली.

"काय म्हणाले?"

मामी हसत होत्या. "एवढं मोठ्यानं ओरडू नको म्हणायलेत."